गायिका एक कान काढून गाते, माईक कुठे लावू?

पत्राचा सारांश: पाच जणांच्या बँडमध्ये बेस वाजवणाऱ्या एका वाचकाचं हे पत्र आहे. काही महिन्यांपूर्वी बँडने स्टेजवरचे मॉनिटर स्पीकर, म्हणजे कलाकारांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेले स्पीकर, काढून टाकले आणि सगळ्यांसाठी इन-इअर, म्हणजे कानात घट्ट बसणारे छोटे मॉनिटर, घेतले. मॉनिटरसाठी वेगळा माणूस नाही, प्रत्येकाच्या कानातलं मिक्स हे वाचकच डिजिटल मिक्सरवर फोनवरून लावतात. स्टेजवरचा गोंगाट गेला, वाजवण्यात सफाई आली, पण मुख्य गायिकेला पहिल्यापासून कोंडल्यासारखं वाटतं. दोन-तीन गाणी झाली की ती एका कानातला इन-इअर काढून खांद्यावर सोडते. उपाय म्हणून वाचकांनी मिक्सरवर उरलेल्या दोन चॅनेलांना दोन कंडेन्सर माईक जोडले, ड्रमच्या दोन्ही अंगांना स्टँडवर उभे केले, त्यांची तोंडं प्रेक्षकांकडे वळवली आणि तो आवाज सगळ्यांच्या कानात सोडला. गायिका म्हणाली, थोडं बरं आहे. ड्रमर म्हणाला, स्नेअर ड्रमचा प्रत्येक फटका दोनदा ऐकू येतो, हे बंद कर. की-बोर्डवाल्याच्या मते सगळंच गढूळ झालं. आणि गायिका अजूनही कान काढतेच. वाचक विचारतात: माईक नेमके कुठे लावू? शॉटगन माईक घेऊ का? की सरळ मॉनिटर स्पीकरकडे परत जाऊ?

उत्तर:

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण त्याआधी पत्रातली एक गोष्ट तपासून पाहायला हवी. गायिकेला कोंडल्यासारखं वाटतं याचा अर्थ तिला बाहेरचा आवाज हवाय, असं तुम्ही धरून चाललात. असेलही तसं. पण 'कोंडल्यासारखं वाटतं' ही तक्रार निदान तीन वेगवेगळ्या कारणांनी होते, आणि प्रेक्षकांकडे तोंड केलेले माईक त्यातल्या एकाच कारणावर उपाय आहेत. तिला स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटत असेल, तर स्टेजवर दहा माईक लावलेत तरी ती कान काढणारच. तुम्ही बोलता आणि तिला ते ऐकू येत नाही, म्हणून तिला एकटं वाटत असेल, तर त्याचा उपाय तिसराच आहे. तिला प्रेक्षक हवे असतील तरच तुमचे दोन माईक कामाचे.

त्याच्याही आधी तिच्या कानाबद्दल बोलायला हवं. गायकांची ही सवय सगळीकडे दिसते आणि फारसं कोणी ती मनावर घेत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन्ही कानांनी ऐकलेला आवाज एकाच कानाने ऐकलेल्या तितक्याच आवाजापेक्षा मोठा भासतो, साधारण 3 ते 6 डेसिबलने. म्हणजे एक कान काढला की उरलेल्या कानातलं मिक्स तिला अचानक बारीक वाटतं. त्यात उघड्या कानात ड्रम आणि प्रेक्षकांसाठी लावलेल्या मेन स्पीकरचा मागे येणारा आवाज थेट शिरतो, त्याच्याशी बरोबरी करायला ती कमरेच्या पॅकवरचा (इन-इअरला आवाज पुरवणाऱ्या छोट्या डबीवरचा) आवाज वाढवते. कामाच्या ठिकाणच्या आवाजाबद्दल अमेरिकेतल्या नायोश या संस्थेची शिफारस अशी आहे: 85 डेसिबल असेल तर दिवसाला 8 तास, आणि त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला 4 तास, 91 ला 2 तास, 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटं. म्हणजे एक कान काढून पॅक 6 डेसिबलने वर नेला, तर त्या कानासाठी सुरक्षित वेळ एक चतुर्थांशावर येतो. उघडा कान तर काहीही संरक्षण नसताना ड्रमसमोर उभा असतो. दोन्ही कानांचं नुकसान होतं, फक्त वेगवेगळ्या वाटांनी. तेव्हा तिला दोन्ही कानात इन-इअर ठेवून गाता यायला हवं, हे या सगळ्या खटपटीचं पहिलं उद्दिष्ट ठेवा. ते जमलं की बाकीचं आपोआप सोपं होतं.

आता कारण शोधायची तालीम. प्रेक्षक नसताना, रिकाम्या खोलीत, तिला एकटीला दोन्ही इन-इअर लावायला सांगा. पॅक बंद. आता तिला 'ई' आणि 'ऊ' हे स्वर लांबवून गाऊ द्या. आवाज डोक्यात ढबढबीत घुमतोय असं ती लगेच म्हणाली, तर अर्धं कारण सापडलं. कानाची नळी बंद केली की जबड्यातून आणि हाडांतून आलेला आपलाच खालचा आवाज बाहेर निसटू शकत नाही आणि तो आतच फुगतो. खालच्या पट्टीत ही वाढ 20 डेसिबलपर्यंतही जाऊ शकते. वादकांना हे फारसं जाणवत नाही, गाणाऱ्याला मात्र प्रत्येक ओळीत जाणवतं. म्हणून तुमच्या पाचांत तक्रार तिचीच आहे. ती नखरे करत नाहीये, हे ड्रमरलाही सांगा.

यावर उपाय आहेत. इन-इअर कानात अर्धवट, वरवर बसला असेल तर घुमणं सर्वांत जास्त असतं. टोक नळीत जितकं आतवर, हाडाच्या भागापर्यंत जाऊन बसेल तितकं ते कमी होतं. त्यामुळे आधी वेगवेगळ्या मापांच्या फोमच्या टिप वापरून पाहा. फोम दाबून बारीक करायचा, कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, टोक आत सरकवायचं आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचं. बरेच जण ही शेवटची पायरी गाळतात. नीट बसलं की दुसरा फायदाही मिळतो: सैल बसलेल्या इन-इअरमधून बेस गळून जातो आणि मग माणूस सगळंच मिक्स वाढवत बसतो. त्यानंतर तिच्याच मिक्समध्ये तिच्या आवाजाचा 200 ते 300 हर्ट्झच्या आसपासचा भाग थोडा उतरवा. डोक्यात आधीच भरपूर असलेली गोष्ट पुन्हा कशाला पाठवायची? काही मिक्सरवर ऑक्सला, म्हणजे एकेकाच्या कानाकडे जाणाऱ्या वेगळ्या वाटेला, स्वतंत्र इक्वलायझर असतो. तो पूर्ण मिक्सला लागतो हे लक्षात ठेवा. आवाजाचं चॅनेल दोन ठिकाणी घेऊन एक फक्त तिच्या कानासाठी ठेवता आलं तर उत्तम. बऱ्याच डिजिटल मिक्सरवर एकाच इनपुटची अशी दुसरी प्रत करता येते, आणि त्याला नवीन माईकची जागा लागत नाही.

मग पोलॅरिटी. तिच्या चॅनेलवरचं पोलॅरिटीचं (आवाजाची लहर उलटी करण्याचं) बटण दाबून-सोडून पाहा आणि तिला नुसतं विचारा, कुठल्या वेळी आवाज भरीव वाटतो. हाडातून येणारा आवाज आणि इन-इअरमधून येणारा आवाज कानाच्या नळीत एकत्र होतात. ते उलटे पडले तर खालचा भाग एकमेकांना खातो आणि आवाज पोकळ होतो. उत्तर तिलाच देता येईल, तुम्हाला मिक्सरवर बसून कळणार नाही. याच कारणासाठी उशीरही मोजून पाहा. डिजिटल मिक्सरमधून आवाज आत जाऊन बाहेर यायला एक-दोन मिलीसेकंद जातात, माईक किंवा इन-इअर डिजिटल वायरलेस असेल तर प्रत्येकी आणखी काही. 1 मिलीसेकंद उशिराने आलेली प्रत 500 हर्ट्झच्या आसपास खड्डा पाडते, 2 मिलीसेकंदांनी आलेली 250 च्या आसपास. वादकाला इतका उशीर कळतही नाही, पण गायिकेला स्वतःचा आवाज 'माझा वाटत नाही' असं होतं आणि तिला कारण सांगता येत नाही. तिच्या वाटेवर डिजिटल वायरलेसच्या दोन कड्या असतील तर एखाद्या तालमीत वायरचा माईक देऊन पाहा. फरक पडला तर काय बदलायचं ते कळलं.

आणि शेवटी रिव्हर्ब, म्हणजे खोलीसारखा घुमारा. इन-इअर लावलेल्या माणसाच्या कानात माईकचा कोरडा आवाज येतो, खोली येत नाही. वर्षानुवर्षं खोलीत गाणाऱ्या गळ्याला ते अनैसर्गिक वाटणारच. तिच्या मिक्समध्ये लहान खोलीचा, एक सेकंदाहून कमी लांबीचा, स्टीरिओ रिव्हर्ब सोडा. प्रेक्षकांना ऐकू जाणारा मोठ्या हॉलचा रिव्हर्ब तिच्या कानात नको, त्याने शब्द झाकले जातात. तिचं मिक्स अजून मोनो असेल तर आधी ते स्टीरिओ करा. पाच जणांचा आवाज एकाच बिंदूतून आला की गर्दी होते. गिटार थोडं डावीकडे, की-बोर्ड उजवीकडे, आवाज मधोमध, एवढ्यानेच कान मोकळा होतो आणि तिचा पॅकही खाली येतो. माझ्या मते तुमच्यासारख्या बँडला प्रेक्षक-माईकपेक्षा स्टीरिओ मिक्सचा फायदा जास्त होतो. दोन्हीपैकी एकच करता येणार असेल तर स्टीरिओ निवडा.

हे सगळं झाल्यावरही रिकाम्या खोलीत ती दोन्ही कान ठेवून मजेत गाते आणि प्रेक्षकांसमोर मात्र कान काढते, असं दिसलं, तर तुमचा अंदाज बरोबर होता. तिला खरंच माणसं हवी आहेत. मग माईककडे वळूया.

ड्रमरची तक्रार अगदी खरी आहे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे दर मीटरला जवळजवळ 3 मिलीसेकंद. स्नेअरचा आवाज त्याच्या जवळच्या माईकमधून लगेच कानात येतो आणि तोच फटका तुमच्या कंडेन्सरमध्ये काही मिलीसेकंदांनी पुन्हा शिरतो. त्यात तुम्ही ते माईक ड्रमच्या अंगालाच उभे केलेत. माईकचं तोंड प्रेक्षकांकडे असलं तरी त्याला सर्वांत मोठं ऐकू येणार ते शेजारचंच, कारण दिशेपेक्षा अंतर भारी पडतं. तुमच्या माईकना प्रेक्षकांची टाळी आणि दोन हातांवरची झांज यांतून निवड करायची आहे, झांजच जिंकेल. तुम्ही प्रेक्षक कानात घ्यायला गेलात आणि ड्रमला आणखी दोन माईक लावून बसलात. की-बोर्डवाल्याला जे गढूळ वाटलं ते हेच.

उशिराची एक गोष्ट नीट समजून घेतली तर जागा निवडणं सोपं जातं. उशीर त्याच आवाजाचा खटकतो, ज्याची एक प्रत आधीच कानात आहे. प्रेक्षकांच्या टाळीची दुसरी प्रत तुमच्या मिक्समध्ये कुठेच नाही, त्यामुळे ती 20 मिलीसेकंद उशिरा आली काय, 50 उशिरा आली काय, कोणालाही कळणार नाही. ड्रमची, गायिकेच्या आवाजाची आणि मेन स्पीकरमधून बाहेर पडणाऱ्या पूर्ण बँडची मात्र प्रत आहे. ध्वनिशास्त्रज्ञ हेल्मुट हास यांनी 1949 च्या प्रबंधात दाखवलं होतं की थोड्या उशिराने आलेला दुसरा आवाज वेगळा ऐकू येत नाही, पहिल्यातच मिसळतो, पण बोलण्याला जितका उशीर चालतो तितका स्नेअरसारख्या टोकदार आवाजाला चालत नाही. म्हणून माईकची जागा शोधताना एकच प्रश्न विचारायचा: प्रेक्षक जास्त आणि बँड कमी कुठे ऐकू येईल?

बहुतेक स्टेजवर ती जागा म्हणजे पुढची दोन टोकं, डावीकडचा आणि उजवीकडचा शेवटचा कोपरा, मेन स्पीकरच्या तोंडाच्या रेषेच्या किंचित मागे. तिथून ड्रम सर्वांत दूर पडतो आणि स्पीकरचा वरच्या पट्टीतला आवाज पुढे निघून गेलेला असतो. माईक डोक्याच्या उंचीपेक्षा वर ठेवा, नाहीतर पहिल्या रांगेतला एकच उत्साही माणूस पूर्ण कार्यक्रमभर गायिकेच्या कानात ओरडत राहील. तोंड प्रेक्षकांच्या मधल्या भागाकडे. आता माईकला कुठलं कमी ऐकू येतं ते पाहा. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या, माईकला बरोबर पाठीमागचं सर्वांत कमी ऐकू येतं, म्हणून त्याची पाठ ड्रमकडे करा. समोरचं त्याहून अरुंद ऐकणाऱ्या सुपरकार्डिऑइडला पाठीमागचं थोडं ऐकू येतं, त्याची सर्वांत बहिरी दिशा तोंडापासून साधारण 126 अंशांवर, म्हणजे मागच्या तिरप्या बाजूंना असते. अशा माईकचं तोंड थोडं फिरवून ती तिरपी बाजू ड्रमवर किंवा जवळच्या स्पीकरवर आणायची. नवख्या माणसाचं लक्ष माईकच्या तोंडाकडे असतं, पण इथे पाठ कुठे आहे यावरच जास्त ठरतं. तालमीत ड्रमरला एकट्याला वाजवू द्या, तुम्ही इन-इअरमध्ये फक्त तो एक माईक ऐका आणि दुसऱ्या कोणालातरी माईक हळूहळू फिरवायला सांगा. ड्रम सर्वांत बारीक होईल तिथे थांबा.

मिक्सरच्या टेबलावर, प्रेक्षकांच्या मागे माईक लावा असं कोणीतरी तुम्हाला सुचवेलच. रेकॉर्डिंगसाठी ती जागा चांगली, कानासाठी नाही. 25 मीटर मागे म्हणजे 70 हून जास्त मिलीसेकंद उशीर, आणि तिथे प्रेक्षकांहून मेन स्पीकर मोठा. त्या आवाजावर ताल धरायला गेलात तर बँड मागे खेचला जाईल. रेकॉर्डिंगमध्ये नंतर तो ट्रॅक पुढे सरकवून जुळवता येतो, चालू कार्यक्रमात कानात तसं करता येत नाही.

तेव्हा शॉटगन घ्यायचा का? आत्ता नको. लांब नळीचा हा माईक वरच्या पट्टीत अरुंद ऐकतो, खालच्या पट्टीत मात्र तो साधारण सुपरकार्डिऑइडसारखाच वागतो. घुमणाऱ्या बंदिस्त जागेत बाजूने येणारा आवाज त्यातून रंग बदलून येतो. मोठ्या, उघड्या मैदानातल्या कार्यक्रमांत तो कामाला येतो. तुमच्याकडे आहेत ते दोन कंडेन्सर एकाच जातीचे असतील तर पुरेसे आहेत, जागा बदलली की तेच वेगळे वाटतील. पैसे खर्च करायचेच असतील तर उंच, जड बुडाचे दोन स्टँड आणि फोमचे जाड टोप घ्या.

मिक्सरवर या दोन चॅनेलांची सोय अशी करा. सर्वांत आधी मेन स्पीकरकडे जाणारी त्यांची वाट बंद. हे विसरलात तर प्रेक्षकांकडे तोंड केलेले दोन माईक प्रेक्षकांच्याच स्पीकरमध्ये जातील आणि शिट्टी वाजेल. इन-इअर कानात बंद असल्यामुळे तिकडून शिट्टीची भीती नसते. खालचा आवाज कापणारा हाय-पास 200 हर्ट्झवर लावा, सबवूफर जवळ असेल तर 300 पर्यंतही न्या. प्रेक्षकांचा आवाज बहुतेक त्याच्या वरच असतो, खाली उरते ती नुसती गडगड. मग पॅन (कुठला माईक कुठल्या कानात) पूर्ण दोन टोकांना, पण कोणाच्या डाव्या-उजव्या बाजूला ते नीट पाहून: स्टेजवर प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या गायिकेच्या डाव्या हाताचा माईक तिच्या डाव्या कानात. मिक्सर समोर ठेवून लावणारा माणूस इथे हमखास उलटं करतो. मग डावीकडचा श्रोता उजवीकडून हाक मारतो आणि गायिका भलतीकडे वळते. तिला नेमकं काय खटकतंय ते तिलाही सांगता येत नाही, फक्त खोटं वाटतं.

किती सोडायचं, हा पुढचा प्रश्न. दोन सारख्या आवाजांपैकी उशिरा आलेला तितकाच मोठा असेल तर काही पट्ट्यांत 6 डेसिबलची वाढ होते आणि काही पट्ट्या साफ पुसल्या जातात. तोच 10 डेसिबलने बारीक असेल तर चढ अडीच डेसिबलच्या आत आणि उतार साधारण सव्वातीनचा, म्हणजे मिक्सचा रंग फारसा बिघडत नाही. गाणं चालू असताना कोपऱ्यातल्या माईकमधून येणारा बँड मुख्य मिक्सपेक्षा निदान 10 डेसिबल खाली राहील असं पाहा. गाणं संपल्यावर मात्र तोच माईक वर हवा. मोठ्या कार्यक्रमांत मॉनिटरचा माणूस हाताने हे वर-खाली करतो. तुम्ही बेस वाजवताय, तुमचे दोन्ही हात अडकलेले असतात, तेव्हा हे काम कॉम्प्रेसरवर, म्हणजे आवाज आपोआप दाबणाऱ्या सोयीवर, सोपवा. दोन्ही माईकना जोडून कॉम्प्रेसर लावा आणि त्याला साइडचेन, म्हणजे कधी दाबायचं ते ठरवणारा आवाज, बाहेरून द्या, म्हणजे बँड वाजला की माईक दबतील, बँड थांबला की वर येतील. दाब 8 ते 12 डेसिबल, सोडायचा वेळ अर्धा ते एक सेकंद. याहून पटकन सोडलात तर दोन फटक्यांच्या मध्ये प्रेक्षकांचा आवाज धपापत राहील.

साइडचेन कशावरून घ्यायची यात बरेच जण घाई करतात आणि गायिकेच्या चॅनेलवरून घेतात. मग ती प्रेक्षकांना काही विचारते तेव्हाही माईक दबतात आणि उत्तर यायच्या क्षणी तिला काहीच ऐकू येत नाही. त्यासाठीच तर ती कान काढते! साइडचेन ड्रम आणि बेस यांच्या ग्रुपवरून घ्या. दोघं वाजत नसतील तेव्हा, म्हणजे ती बोलत असताना, किंवा एखाद्या गाण्यात नुसता की-बोर्ड आणि आवाज असताना, प्रेक्षक तिच्या कानात राहतील. शांत गाण्यातच तिला ते सर्वांत जास्त हवे असतात. तुमच्या मिक्सरवर बाहेरून साइडचेन देता येत नसेल तर दोन्ही माईक एका म्यूट ग्रुपवर (एकत्र बंद-चालू होतील असे) घ्या आणि त्याला पायाने दाबायचं बटण जोडा. ते बटण तुम्ही सांभाळा, गायिकेवर आणखी एक काम टाकू नका.

सगळ्यांना सारखा वाटा देऊ नका. तुमच्या भांडणाचं अर्धं मूळ इथेच आहे. ड्रमरच्या कानात त्याचाच ड्रम इन-इअर भेदूनही शिरतो, त्याला खोलीची उणीव भासत नाही, त्याच्या मिक्समधून हे माईक पूर्ण काढले तरी चालतील. की-बोर्डवाल्याला थोडे, तुम्हाला हवे तितके, गायिकेला सर्वांत जास्त. प्रत्येकाचा ऑक्स वेगळा आहे तर त्याचा उपयोग करून घ्या.

राहिलं एकटेपण. मॉनिटर स्पीकर होते तेव्हा दोन गाण्यांच्या मध्ये तुम्ही एकमेकांकडे वळून 'पुढचं एक सूर खाली घेऊ' असं म्हणत होतात, इन-इअर आल्यावर ते तुटलं. गायिकेने कान काढायचं हेही कारण असू शकतं, तिला विचारा. विचारताना 'तुला प्रेक्षक ऐकू येत नाहीत का' असं विचारू नका, ती हो म्हणेल. 'कान काढतेस त्या क्षणी काय ऐकायचं असतं' असं विचारा. उत्तर 'तुम्ही काय म्हणताय ते' असं आलं, तर दोनपैकी एक चॅनेल बोलण्याच्या माईकसाठी द्या: बटण दाबल्यावरच चालू होणारा साधा डायनॅमिक माईक ड्रमरजवळ, कारण चालू कार्यक्रमात सर्वांत जास्त सूचना तिथूनच येतात. तो सगळ्यांच्या कानात, मेन स्पीकरमध्ये नाही. मग प्रेक्षकांसाठी एकच माईक उरतो. तो एका कोपऱ्यात लावून दोन्ही कानांत मधोमध दिलात तर प्रेक्षक डोक्याच्या आत बसल्यासारखे वाटतात, तरी काहीच नसण्यापेक्षा बरं. माझी निवड विचाराल तर बोलायचा माईक आधी. बँडचे लोक एकमेकांशी बोलू शकले की बाकीच्या बऱ्याच तक्रारी मावळतात.

इतर वाचकांसाठी आणखी दोन वाटा सांगतो. काही इन-इअरना मुद्दाम बारीक छिद्र ठेवलेलं असतं, त्यातून बाहेरचा आवाज थोडा आत येतो आणि डोक्यातलं घुमणंही कमी होतं. बंद इन-इअर नीट बसला तर 25 डेसिबलच्या आसपास अडवतो, छिद्राचा त्याहून बराच कमी. ड्रम नसलेल्या किंवा हळू वाजणाऱ्या बँडला ते छान, तुमच्या गायिकेला नाही. दुसरी वाट म्हणजे इन-इअरच्या बाहेरच्या अंगालाच बारीक माईक बसवलेले असतात आणि कमरेच्या पॅकवरून बाहेरचा आवाज किती आत घ्यायचा ते ठरवता येतं. सेन्साफोनिक्स आणि एएसआय ऑडिओ यांनी अशी यंत्रणा केली आहे. यात दिशा खरी राहते, कारण प्रत्येक कानाला त्याच्याच जागेवरचं ऐकू येतं, डोकं वळवलं की आवाजही वळतो. मिक्सरचं एकही चॅनेल जात नाही. खर्च मात्र मोठा आहे आणि तो एकाच माणसासाठी आहे. वरचं सगळं करून झाल्यावरही गायिका अस्वस्थ असेल, तरच त्याचा विचार करा.

मॉनिटर स्पीकरकडे परत जावं का? पूर्ण बँडने जाऊ नये. तुम्हीच लिहिलंय की वाजवण्यात सफाई आली, ती स्टेज शांत झाल्यामुळे आली आहे. गायिकेपुढे एकच स्पीकर ठेवला तरी तो तिच्या माईकमध्ये शिरतो आणि तिथून सगळ्यांच्या कानात जातो. बेस अंगात जाणवत नाही ही तुमची किंवा ड्रमरची तक्रार असती तर ड्रमरच्या स्टुलाला लावायचा कंपन देणारा शेकर सुचवला असता, पण तशी तक्रार पत्रात नाही.

पुढच्या तालमीला एकदम सगळं बदलू नका. आधी टिप आणि बसवणं, मग तिचं मिक्स स्टीरिओ आणि रिव्हर्ब, मग पोलॅरिटी. माईक सगळ्यांत शेवटी, आणि तेही प्रत्यक्ष कार्यक्रमात, कारण रिकाम्या खोलीत त्यांची पारख होत नाही. प्रत्येकाच्या इन-इअर मिक्सच्या शेवटी लिमिटर, म्हणजे ठरलेल्या पातळीपुढे आवाज जाऊ न देणारी सोय, आहे ना, हेही एकदा तपासा. प्रेक्षकांचा माईक उघडा असताना कोपऱ्यातला स्टँड कोणाच्या पायाने पडला तर तो धक्का थेट पाच जणांच्या कानात जाईल. आणि माईक चालू झाल्यावर गायिकेला पॅकवरचा आवाज पूर्ण खाली आणून पहिल्यापासून पुन्हा लावायला सांगा. जुन्या सवयीने तो जिथे आहे तिथेच राहिला, तर आधी एका कानासाठी वाढवलेला आवाज आता दोन्ही कानांत जाईल.